‘ध’चा ‘मा’: अँडीजच्या डोंगरातलं एक घराणं

१. आईला झालाय, मग मला?

अल्झायमरवर कुठेही दोन शब्द बोलून व्यासपीठावरून उतरलं की कोणीतरी हळूच बाजूला घेतं. बहुतेक वेळा पन्नाशीतली बाई असते, कधी पुरुष. आवाज उगाच खाली आणलेला. “आईला झालाय. आता मलाही नावं पटकन आठवत नाहीत. परवा गॅसवर दूध ठेवलं आणि पार विसरले. हे रक्तातून उतरतं का हो?”

एकदा दूध उतू गेलं म्हणजे अल्झायमर नव्हे, एवढं मी लगेच सांगून टाकतो. पण रक्तातून उतरतं का, याचं उत्तर उभ्याउभ्या देता येत नाही. ‘नाही’ म्हणावं तर ते खोटं ठरतं, ‘हो’ म्हणावं तर समोरचं माणूस त्या रात्री झोपत नाही.

यात आपल्या भाषेनंही थोडा घोळ करून ठेवला आहे. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून आपण मोकळे होतो. आजोबा तेच ते विचारू लागले की त्याला म्हातारचळ म्हणतो. वय झालं की विसरणं आलंच, असं एकदा धरून चाललं की त्यात आजार शोधायला कोण जाणार? डॉक्टरमंडळीही फार वेगळी नव्हती. आलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ साली ज्या स्त्रीची हकिकत सभेत मांडली, ती १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात आली तेव्हा अवघी ५१ वर्षांची होती. त्यामुळे पुढे कित्येक वर्षं ‘अल्झायमर’ म्हणजे ऐन उमेदीत होणारी दुर्मीळ व्याधी आणि म्हाताऱ्यांना होतं ते निराळंच काहीतरी, अशी समजूत राहिली.

मेंदू उघडून पाहिला तर दोन्हींतली नासधूस मात्र सारखीच दिसते. म्हणूनच संशोधकांनी असा विचार केला की, लवकर होणारा दुर्मीळ प्रकार आधी समजून घ्यावा. त्यातून नेहमीच्या प्रकाराचीही गाठ सुटेल. या दुर्मीळ प्रकाराचं जगातलं सर्वांत मोठं ज्ञात घराणं कोलंबियात आहे आणि त्याचा माग एका डॉक्टरानं चाळीस वर्षं सोडला नाही. त्यांचं नाव फ्रान्सिस्को लोपेरा.

२. डोंगरातला खुळेपणा

कोलंबिया म्हणजे दक्षिण अमेरिकेचं वायव्य टोक. तिथल्या आंतिओकिया प्रांतातून अँडीजच्या रांगा जातात. मेदेयीन हे प्रांताचं मोठं शहर. तिथून उत्तरेला चढत गेलं की यारुमाल, बेलमीरा, आंगोस्तुरा, सांता रोसा दे ओसोस अशी डोंगरगावं लागतात. घाटरस्ते, धुकं, गुरं, प्रत्येक गावाच्या मधोमध चर्च. लोपेरांचा जन्म १९५१चा आणि लहानपण गेलं ते याच यारुमालमध्ये.

या गावांत एक आजार पिढ्यान् पिढ्या चालत आला होता. धडधाकट माणूस चाळिशी ओलांडता ओलांडता विसरायला लागे. आधी बोललेलं, मग वाटा, मग बायकोपोरांची तोंडं. साठीच्या आत-बाहेर संपून जाई. गावकरी त्याला ‘ला बोबेरा’ म्हणत, म्हणजे सरळ मराठीत खुळेपणा. कोणी म्हणे अमक्या झाडाला हात लागला म्हणून असं होतं, कोणी म्हणे पाद्र्याचा शाप आहे. आपल्याकडे करणी म्हणतात, तिकडे झाड म्हणत, एवढाच फरक.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला लोपेरा मेदेयीनमध्ये मेंदूविकारांचं प्रशिक्षण घेत होते. बेलमीराकडचा ४७ वर्षांचा एक शेतकरी त्यांच्यासमोर आला. स्मरणशक्ती पार ढासळलेली. घरच्यांनी सांगितलं की त्याच्या वडिलांचं असंच झालं होतं, आजोबांचंही. रुग्णालयातल्या गर्दीत असं वाक्य ऐकून कागदावर ‘कौटुंबिक इतिहास: आहे’ एवढं लिहायचं आणि पुढचा रुग्ण बोलवायचा, हे कुठल्याही देशात सहज घडलं असतं. लोपेरांनी उठून त्याचं गाव गाठलं. माझ्या मते त्यांच्या सगळ्या कारकिर्दीतला मोठा शोध हाच आहे, बाकीचे त्याच्या पोटातून निघाले.

या कुटुंबाची माहिती त्यांनी सहकाऱ्यांबरोबर १९८७ मध्ये कोलंबियातल्याच एका वैद्यकीय नियतकालिकात छापली. बाहेरच्या जगात तिची फारशी दखल घेतली गेली नाही. पण शेजारच्या गावातून दुसरं कुटुंब सापडलं, मग तिसरं.

३. पाद्र्यांच्या वह्या

नाशिक-त्र्यंबकेश्वरला गेलात की तीर्थोपाध्याय आडनाव-गाव विचारतात आणि नामावळीची लांबलचक वही उघडतात. त्यात आपल्या पणजोबांची सही निघते आणि आपण थक्क होतो. आंतिओकियात हे काम चर्चच्या दप्तरांनी केलं होतं. बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू यांची प्रत्येक नोंद पाद्र्यांनी शतकानुशतकं ठेवली होती. लोपेरांच्या सहकारी परिचारिका लुसीया माद्रिगाल यांनी ही दप्तरं चाळून, घरोघरी बसून, म्हाताऱ्यांना बोलतं करून वंशावळी जोडत नेल्या. वेगवेगळी वाटणारी घराणी मागे जाता जाता एकमेकांना येऊन मिळू लागली. शेवटी आकडा पोचला २५ मोठ्या कुटुंबांवर आणि सुमारे सहा हजार माणसांवर. पुढे जनुकांच्या अभ्यासानं मूळ आणखी मागे नेलं: सुमारे पावणेचारशे वर्षांपूर्वीचा एक युरोपीय पूर्वज. स्पेनमधून आलेल्या वसाहतवाल्यांपैकी कोणीतरी.

एका माणसाचं एवढं कसं पसरलं? विरजणाचं उदाहरण घ्या. एका वाटीतल्या विरजणाला जी चव, तीच त्यापासून लागलेल्या दह्याला आणि त्यातूनच पुढचं विरजण. बाहेरून नवं विरजण आलंच नाही तर गावभर तीच चव. डोंगरानं तोडलेली गावं, घरात आठ-दहा मुलं, लग्नं आसपासच्या घरांतच. चव टिकून राहिली.

दह्याच्या उपमेला एक मर्यादा आहे, ती लगेच सांगायला हवी. विरजण सगळ्या दुधाला लागतं, हा आजार सगळ्या मुलांना लागत नाही. आपल्या प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची आणि एक वडिलांकडची. या घराण्यातल्या आजारी व्यक्तीत एक प्रत बिघडलेली आणि एक चांगली असते. मूल होताना दोहोंपैकी एकच पुढे जाते. म्हणजे प्रत्येक मुलामागे नाणेफेक.

चार मुलांच्या घराचा हिशेब करून पाहू. चारही मुलं सुटण्याची शक्यता अर्धा गुणिले अर्धा गुणिले अर्धा गुणिले अर्धा, म्हणजे सोळात एक. चारही सापडण्याची शक्यताही सोळात एकच. उरलेल्या सोळातल्या चौदा घरांत काही भावंडं सुटलेली आणि काही अडकलेली, आणि कोण कुठल्या बाजूला हे चाळिशीपर्यंत कोणालाच ठाऊक नाही. थोरल्या दोघांना झाला म्हणून धाकटा सुटेल, असंही नाही. नाण्याला आधीची फेक आठवत नसते.

हे काम शांत खोलीत बसून चाललेलं नव्हतं. १९९०च्या सुमाराचं मेदेयीन म्हणजे पाब्लो एस्कोबारचं मेदेयीन, जगातल्या सर्वांत जास्त खून होणाऱ्या शहरांपैकी एक. डोंगरातल्या रस्त्यांवर गनिमी बंडखोर आणि निमलष्करी टोळ्या. रक्ताचे नमुने गोळा करत फिरणाऱ्या माद्रिगालबाईंना बंडखोरांनी पळवून नेऊन काही दिवस डांबून ठेवलं होतं. सुटून आल्यावर त्या पुन्हा त्याच कामाला लागल्या. अशा कथा सांगताना नायक एकच ठेवण्याचा मोह होतो, पण वंशावळीचे ते कागद नसते तर पुढच्या कोणत्याही प्रयोगशाळेला शोधायला काही उरलंच नसतं.

४. अक्षर कुठलं बदललं?

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या हार्वर्डचे मेंदूशास्त्रज्ञ केनेथ कोसिक कोलंबियात व्याख्यानाला आले आणि लोपेरांनी त्यांना हे घराणं सांगितलं. तिथून रक्ताचे नमुने अमेरिकेतल्या प्रयोगशाळांकडे जाऊ लागले. पण रक्तात शोधायचं काय?

जनुक म्हणजे पेशीला दिलेली लेखी आज्ञा, अमुक प्रथिन बनव अशी. ही आज्ञा चारच अक्षरांत लिहिलेली असते: ए, टी, जी आणि सी. तीन-तीन अक्षरांचा एक शब्द, आणि एका शब्दामागे प्रथिनाच्या माळेत एक मणी. या मण्यांना अमिनो आम्लं म्हणतात. अक्षर चुकलं तर मणी चुकतो. बहुतेक वेळा त्यानं काही बिघडत नाही. कधी मात्र चुकतं ते नेमकं नको तिथे.

मराठी वाचकाला हे समजावायला पाश्चात्त्य उपमांची गरजच नाही. नारायणराव पेशव्यांना ‘धरावे’ असा लेखी हुकूम होता, आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला आणि १७७३ साली शनिवारवाड्यात खून पडला, ही आख्यायिका आपण शाळेपासून ऐकत आलो. इतिहासकारांच्या दृष्टीनं ती खरी असो वा नसो, जनुकातल्या बिघाडाचं इतकं नेमकं चित्र मला दुसरं सापडलेलं नाही. कागद तोच, शाई तीच, बाकीचा मजकूर जागच्या जागी. एक अक्षर.

त्या वेळी जगभर हे अक्षर शोधण्याची शर्यतच लागली होती. १९९१ मध्ये लंडनमध्ये ॲलिसन गोएट, जॉन हार्डी आणि सहकाऱ्यांनी २१ क्रमांकाच्या गुणसूत्रावर अल्झायमरला कारण ठरणारा पहिला बिघाड दाखवला. पण कित्येक घराण्यांत ते जनुक ठणठणीत निघालं. त्यांचा दोष १४ क्रमांकाच्या गुणसूत्रावर कुठेतरी होता. १९९५ मध्ये टोरांटोच्या पीटर सेंट जॉर्ज-हिस्लॉप यांच्या गटानं तिथलं जनुक पकडलं. त्याचं नाव प्रेसेनिलिन-१. त्याच वर्षी आंतिओकियाच्या घराण्यातली चूकही त्याच जनुकात सापडली. ४६७ मण्यांच्या या प्रथिनात २८०व्या जागी ग्लुटामिक आम्ल असायला हवं, तिथे अॅलनिन बसलं होतं. मूळ आज्ञेत ‘ए’च्या जागी ‘सी’. पावणेचारशे वर्षं नकलून काढलेला एका अक्षराचा फरक!

या बिघाडाला संशोधक ‘पाइसा उत्परिवर्तन’ म्हणतात. त्याचा पैशाशी काही संबंध नाही. आंतिओकियाच्या माणसांना कोलंबियात ‘पाइसा’ म्हणतात, जसं आपण कोकण्या किंवा वऱ्हाडी म्हणू. १९९७ मध्ये लोपेरा आणि सहकाऱ्यांनी अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात या घराण्याच्या आजाराचं सविस्तर वर्णन छापलं, आणि गावातल्या खुळेपणाला जगाच्या वैद्यकशास्त्रात पत्ता मिळाला.

५. वाकडी कात्री

आता हे प्रथिन करतं काय? प्रेसेनिलिन हे पेशीतल्या एका कात्रीचं पातं आहे. मेंदूच्या पेशींच्या पडद्यातून एक लांब प्रथिन बाहेर डोकावत असतं. ते ठरावीक ठिकाणी कापायचं, हे या कात्रीचं काम. कापल्यावर जो बारका तुकडा पडतो त्याला अॅमिलॉइड-बीटा म्हणतात. नेहमीचा तुकडा ४० मण्यांचा असतो. पातं वाकडं असेल तर ४२ मण्यांच्या तुकड्यांचं प्रमाण वाढतं. दोनच मणी जास्त, पण हा लांब तुकडा चिकट असतो. एकाला एक चिकटून पेशींच्या बाहेर गोळे साचतात.

दुसरी नासधूस पेशींच्या आत होते. मेंदूपेशीच्या लांब शेपटीतून मालाची ने-आण करण्यासाठी रूळ असतात आणि टाऊ नावाचं प्रथिन त्या रुळांना धरून ठेवतं. आजारात टाऊ रुळांवरून सुटतं आणि त्याचा गुंता होतो. हा गुंता एका पेशीतून दुसरीत पसरत जातो. बाहेर अॅमिलॉइडचे गोळे आणि आत टाऊचा गुंता, या दोन्ही गोष्टी अल्झायमरांनी आपल्या सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या होत्या.

यांतलं आधी काय होतं? नेहमीच्या म्हाताऱ्या रुग्णात हे कळणं कठीण, कारण तो दवाखान्यात येतो तेव्हा दोन्ही साचलेलं असतं. लोपेरांच्या घराण्याची किंमत इथे कळते. कोणाच्या रक्तात चुकीचं अक्षर आहे हे तपासता येतं आणि आजार साधारण कधी दिसू लागेल हेही ठाऊक असतं: विसराळूपणा ४४च्या आसपास, पुरता स्मृतिभ्रंश ४९च्या आसपास. म्हणजे पंचविशीतल्या निरोगी तरुणाचा मेंदू वीस वर्षं आधीच पाहता येतो. तसा तो पाहिला, तेव्हा तिशीही न गाठलेल्यांच्या मेंदूत अॅमिलॉइड साचायला सुरुवात झालेली दिसली. त्या वेळी ही माणसं नोकऱ्या करत होती, पोरांचे अभ्यास घेत होती. टाऊचा गुंता पुढच्या काळात दिसतो आणि विसरणं त्याच्या पाठोपाठ येतं.

६. मग आपलं काय?

सुरुवातीच्या प्रश्नाकडे इथेच वळतो. शेवटापर्यंत ताटकळत ठेवणं बरं नाही.

अशा एका अक्षरानं हमखास होणारा अल्झायमर सगळ्या रुग्णांत मिळून शंभरात एकाहूनही कमी आढळतो. आईला पंचाहत्तरीनंतर झाला असेल, घरात चाळिशी-पन्नाशीत कोणाला झालेला नसेल, तर नाणेफेकीचा हिशेब तुम्हाला लागू नाही.

पण एक दुसरं जनुक आहे, त्याचं नाव एपीओई. त्यातून होणारं प्रथिन म्हणजे शरीरातली चरबी इकडून तिकडे वाहणारा हमाल. या हमालाचे तीन नेहमीचे नमुने असतात: दोन, तीन आणि चार. बहुतेकांकडे तीन नंबरचा असतो. १९९३ मध्ये अमेरिकेच्या ड्यूक विद्यापीठातल्या अॅलन रोझेस यांच्या गटानं दाखवलं की चार नंबरवाल्यांना म्हातारपणी अल्झायमरचा धोका जास्त. सगळे अॅमिलॉइडच्या मागे असताना रोझेस चरबीच्या हमालाकडे बोट दाखवत होते, त्यामुळे सुरुवातीला त्यांची बरीच टर उडवली गेली. पुढे त्यांचंच बरोबर ठरलं.

चार नंबरची एक प्रत असली तर धोका ढोबळमानानं तिप्पट. तिप्पट म्हटलं की पोटात गोळा येतो, म्हणून हिशेब करू. समजा, एखाद्या वयात शंभरातल्या तिघांना आजार होतो. तिप्पट म्हणजे नऊ जणांना. उरले ९१, त्यांना चार नंबर असूनही झाला नाही. दोन प्रती असतील तर धोका याहून बराच वाढतो, तरीही तो धोकाच असतो, प्रेसेनिलिनसारखा हुकूम नसतो. म्हणून केवळ धास्तीपोटी ही तपासणी करून घेऊ नका, असं मी तरी सांगतो. निकाल हाती आल्यावर त्याचं काय करायचं ते आधी ठरलेलं असलं पाहिजे.

एपीओईचं नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

७. कोणालाच कळू न देण्याची युक्ती

आजार वीस वर्षं आधी सुरू होत असेल तर औषधही तेव्हाच द्यायला हवं, हे ओघानं आलं. घर जळून गेल्यावर बंब आणून काय उपयोग? २०१३ च्या अखेरीस मेदेयीनमध्ये अशी चाचणी सुरू झाली. अमेरिकेतली बॅनर अल्झायमर्स इन्स्टिट्यूट, रोश-जेनेन्टेक ही औषध कंपनी आणि लोपेरांचा गट, तिघांनी मिळून. औषधाचं नाव क्रेनेझुमॅब. अॅमिलॉइडला पकडणारी ती तयार प्रतिपिंडं होती.

इथे एक नाजूक अडचण होती. या घराण्यातल्या बहुतेकांना आपल्यात चुकीचं अक्षर आहे की नाही हे माहीत नव्हतं आणि अनेकांना ते जाणून घ्यायचंही नव्हतं. चाचणीत फक्त चुकीचं अक्षर असलेल्यांनाच घेतलं असतं तर ‘तुझी निवड झाली’ हाच निकाल ठरला असता. लग्न ठरताना, मूल होऊ द्यावं की नाही हे ठरवताना त्या निकालाचं ओझं जन्मभर. म्हणून एकूण २५२ जण घेतले. त्यातल्या १६९ जणांत चुकीचं अक्षर होतं, ८३ जणांत नव्हतं. त्या ८३ जणांना नुसतं निरुपद्रवी द्रव टोचायचं आणि उरलेल्या १६९पैकी निम्म्यांना खरं औषध. सुई सगळ्यांना सारखीच. टोचणाऱ्याला माहीत नाही, टोचून घेणाऱ्यालाही माहीत नाही. ते ८३ जण स्वतः निरोगी असूनही भावंडांचं गुपित राखण्यासाठी वर्षानुवर्षं येत राहिले. संख्याशास्त्राच्या पुस्तकात याला ‘तुलनागट’ म्हणतात. शब्द बरोबर आहे, पण फारच कोरडा.

जून २०२२ मध्ये निकाल लागला. औषध घेतलेल्यांत आणि न घेतलेल्यांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. लोपेरांना ही बातमी त्याच कुटुंबांसमोर उभं राहून सांगावी लागली. या गावांनी तीस-चाळीस वर्षं रक्त दिलं, मेलेल्या माणसांचे मेंदू दिले. ‘मेंदूपेढी’त असे शेकडो मेंदू जमले आहेत. एवढं देऊन त्यांच्या हाती अजून औषध आलेलं नाही. आजाराचं सगळं शास्त्र ज्यांच्या अंगावर शिकलं गेलं, त्यांचं या शास्त्रावर देणं आहे. हे देणं फेडायचं कसं, याचा विचार औषध कंपन्यांच्या हिशेबात कितपत होतो, याबद्दल मला शंका आहे.

८. जिला झाला नाही

इथवर लोपेरांच्या वह्यांत एकच प्रश्न होता: हा आजार कोणाला होतो? उत्तर मिळालं होतं, औषध मिळालं नव्हतं. पण सुमारे बाराशे जणांत तेच चुकीचं अक्षर असेल तर त्यांत एखादं तरी विचित्र माणूस निघणारच. शाळेच्या हजेरीपटावर रोज येणाऱ्यांकडे सगळ्यांचं लक्ष असतं. या गटानं जे आजाराच्या हजेरीला आलेच नाहीत, त्यांची नावं शोधायला सुरुवात केली.

अशी एक बाई सापडली. चुकीचं अक्षर तिच्यात नक्की होतं. ४४व्या वर्षी तिला विसरायला लागायला हवं होतं. सत्तरी आली तरी ती ठीक होती. लोपेरांच्या तालमीत तयार झालेल्या आणि आता बॉस्टनमध्ये काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ याकील किरोस यांनी तिला तपासणीसाठी तिकडे नेलं. मेंदूच्या चित्रात अॅमिलॉइड खच्चून भरलेलं दिसलं, आजारी नातेवाइकांपेक्षाही जास्त. टाऊचा गुंता मात्र अगदी थोडा.

म्हणजे बाहेरचे गोळे होते, पण आग आत शिरली नव्हती. कोणीतरी मधेच दार लावून घेतलं होतं.

तिची सगळी जनुकं वाचली तेव्हा एपीओईमध्ये आणखी एक चुकलेलं अक्षर मिळालं, आणि तेही दोन्ही प्रतींत, आईकडच्या आणि वडिलांकडच्याही. १३६व्या जागी आर्जिनिनऐवजी सेरिन. या बदलाला ‘क्राइस्टचर्च’ म्हणतात, कारण तो पहिल्यांदा न्यूझीलंडच्या त्या शहरात आढळला होता. २०१९ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. पहिला ‘ध’चा ‘मा’ झाला होता, आणि त्याच बखरीत दुसऱ्या पानावर कोणीतरी ‘मा’चा परत ‘ध’ करून ठेवला होता.

दार कसं लागलं असावं? रानातून चालताना धोतराला कुसळं चिकटतात आणि आपल्याबरोबर पुढे जातात. पेशींच्या अंगावर साखरेसारख्या रेणूंची अशीच एक लव असते. टाऊ तिला चिकटून एका पेशीतून दुसरीत शिरतं, असं मानतात. एपीओई प्रथिनही याच लवेला चिकटतं. क्राइस्टचर्च बदलामुळे ते चिकटणं फार कमी होतं आणि त्याबरोबर टाऊचा प्रवासही मंदावतो, असं संशोधकांचं म्हणणं आहे. हा परिणाम घडवणारी प्रतिपिंडं बनवून त्यांची उंदरांवर चाचणीही झाली. ती बाई २०२० मध्ये वयाच्या ७७व्या वर्षी वारली. तिनं आपला मेंदू संशोधनासाठी दिला होता.

२०२३ मध्ये दुसरा अपवाद जगापुढे आला, या वेळी पुरुष. तो ६७ वर्षांपर्यंत शाबूत होता. क्राइस्टचर्च त्याच्यात नव्हतं. रीलिन नावाच्या वेगळ्याच प्रथिनात बदल होता. त्याच्या मेंदूत अॅमिलॉइड भरपूर आणि टाऊही बऱ्याच भागांत. फक्त आठवणींच्या वेशीवरचा एक छोटा भाग वाचला होता. त्याच्या बहिणीतही तोच बदल होता, पण तिला मिळालेलं संरक्षण कमी. भाऊ-बहीण, तेच दोन बदल आणि दोन वेगळ्या कहाण्या.

मग क्राइस्टचर्चची एकच प्रत असलेल्यांचं काय? गटानं वह्या पुन्हा चाळल्या. घराण्यात असे २७ जण निघाले. जून २०२४ मध्ये त्यांचा हिशेब प्रसिद्ध झाला. या हिशेबात तुलनेला घेतलेल्या, चुकीचं अक्षर असलेल्या इतर नातेवाइकांना विसराळूपणा ४७व्या वर्षी लागत होता, या २७ जणांना ५२व्या. स्मृतिभ्रंश ५०ऐवजी ५४ला. साधारण चार-पाच वर्षांचा वाढावा. पंचेचाळिशीतल्या माणसाच्या घरात पाचवीतलं पोर असेल तर तेवढ्यात त्याची दहावी होते.

पण बेरीज करून पाहा. एका प्रतीला पाच वर्षं, तर दोन प्रतींना दहा व्हायला हवीत. त्या बाईला मिळाली जवळजवळ तीस. दुसरी प्रत पहिलीपेक्षा कितीतरी जास्त काम करते, की तिच्या मेंदूत आणखी एखादा बदल लपलेला होता? हा हिशेब लोपेरांच्या वहीत उघडाच राहिला. निबंध छापून आल्यावर तीन महिन्यांनी, १० सप्टेंबर २०२४ रोजी, वयाच्या ७३व्या वर्षी ते गेले.